दुधाच्या नळीचा आतला सांधा

माझं नाव सौ. पूनम संगमेश हत्तुरे, वय ३२, धंदा स्टील पाईपचं टिग वेल्डिंग, राहणार मैंदर्गी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर. समक्ष विचारल्यावरून सांगते की, गावच्या दूध डेअरीचे चेअरमन सिद्धाप्पा पाटील यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. डेअरीची नवी नळी मी ग्राइंडरनं कापून नुकसान केलं, असं त्यांचं म्हणणं आहे. नळी मीच कापली. का कापली, ते सकाळपासून कुणी विचारीना, म्हणून सगळं सांगते.

सदर नळी स्टेनलेस स्टीलची असून तिच्यातून दूध थंड करायच्या टाकीत जातं. तिचे दोन सांधे मला जोडायचे होते. असा सांधा जोडताना बाहेरून गॅस लागतो, तसाच नळीच्या आतही आरगॉन गॅस सोडून ठेवावा लागतो. नाहीतर तापलेलं स्टील आतून करपतं, जळलेल्या पातेल्याच्या बुडासारखं काळं, खरबरीत होतं. त्यात दूध अडकून बसतं, कितीही धुतलं तरी निघत नाही, आणि मागून येणारं सगळं दूध नासतं.

मी काम सुरू करताच चेअरमननी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आपणहून कूलर आणून माझ्यासमोर लावला. मी म्हणाले, "अण्णा, वाऱ्यानं गॅस उडतोय, बंद करा की!" ते म्हणाले, "अगं, घामानं भिजायलीस, लेकीसारखी हायस तू." मी बंद करायचे, ते परत लावायचे. शेवटी मी वायरच काढून टाकली. माणूस मायाळू आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण डोक्याला नुसता ताप!

मग तोंडाला मास्क लावून मी दोन्ही सांधे जोडले. नंतर बॅटरी मारून आत बघते तर दोन्ही काळेकुट्ट. आतल्या गॅसचा सिलिंडर भिंतीपलीकडं होता. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "व्हय, मीच बंद केला. नळीतनं नुसता वाया जायला होता." मी डोकं धरून खाली बसले.

मी म्हणाले, सांधे कापून परत जोडते. अण्णा कानडीत म्हणाले, "साकु, साकु! पुरे आता. बाहेरनं कसा चांदीसारखा चमकायलाय!" मी म्हणाले, "दूध काय बाहेरून जातं का, अण्णा?" ते ऐकेनात. मग मला राग आवरेना, मी पहिला सांधा कापून काढला. दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी ग्राइंडरची वायर ओढली आणि पोलिसांना फोन केला. कापलेला तुकडा इथं ठाण्यात साहेबांच्या टेबलावर आहे. त्यात बोट घालून बघावं, ही विनंती.

मी ठाण्यात बसलेली असताना माझ्या जावेचा फोन आला. कापलेल्या जागी रबरी नळी घालून डेअरीत संध्याकाळचं दूध सोडलं आहे. दुसरा सांधा आत तसाच आहे. गावातली निम्मी बाळं त्याच दुधावर आहेत. हे मी साहेबांना लगेच सांगितलं. साहेब म्हणाले, आधी जबाब पुरा होऊ दे.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरवला आहे, म्हणून सही करते. दूध अजून चालूच आहे.