‘होते’चं ‘होतो’

चहा गार झाला तरी चालंल, आधी हे ऐका. माझा पीएचडीचा प्रबंध कॉपीचा म्हणून परत आला. का, तर त्यातलं एक प्रकरण माझ्याच गाईडच्या लेखाशी जुळतंय. लेख वाचला तर शब्दन्‌शब्द माझा. सिल्लोडला कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती मी घेतल्या, आणि लेखात माझं नावसुद्धा नाय.

तडक गारखेड्याला सरांच्या घरी गेले.

"अगं, संदर्भ द्यायचा राहून गेला," सर म्हणले.

सरांनी फक्त सगळीकडं ‘होते’चं ‘होतो’ केलं होतं. मग त्यांच्या बायकोसमोर त्यांचंच वाक्य मोठ्यानं वाचलं, "मुलाखती घेताना मी सात महिन्यांची गरोदर होतो."

म्हणलं, "सर, लेकरू तेवढं माझ्या नावावर राहू द्या."