लोटनजिभाऊंच्या शेताला पाणी

मंडळी, ऐका! ऐकताय ना? — नाही, मागे पत्र्याखाली बसलेल्या त्या मावशी ऐकत नाहीयेत. मावशी, गॅस बंद केलाय तुम्ही. केलाय! मी पाहिला का? नाही पाहिला. पण तुम्हाला तरी इथून कुठे दिसतोय? मग बसा की!

हसू नका. हाच आजचा प्रश्न आहे.

सगळ्यांची, सगळ्या गोष्टींची, सगळा वेळ काळजी वाहणारा माणूस — पुण्यवान म्हणायचा की पापी? लगेच बोलू नका. 'पुण्यवान' म्हणालात तर मी पकडीन. 'पापी' म्हणालात तर घरची मंडळी पकडतील. गप्प बसा, त्यातच शहाणपण आहे. घ्या, बुवा, मृदंग घ्या —

टांगला मी जीव, माझ्या खुंटीवरी,
आता कोण तरी, उतरवा!
खुंटीही माझीच, दोरीही माझीच,
गाठ ती माझीच, देवा पाहे!

हा अभंग कुणा संताचा नाही हो. कालच मी केलाय. म्हणून चाल बरी आहे, अर्थाचं तुमचं तुम्ही बघा.

तर — खानदेशात एक गाव. वाघळखेडं. नकाशात शोधू नका, कथेतलं आहे. नदीला दगडी बांध, बांधापासून निघालेला पाट, आणि पाटाचं पाणी शेताशेतात. शेतं ज्याची त्याची, पाणी मात्र सगळ्यांचं मिळून. याला तिकडे फड म्हणतात. फडाचा नियम एकच — आपल्या शेताला आपण पाणी द्यायचं नाही! पाणी देणार पाटकरी. मालकाने फावडं उचलायचं नाही, बांधावर जायचं नाही, डोकवायचंसुद्धा नाही.

का बरं असा नियम?

अहो, कारण आपलं शेत आपल्या डोळ्याला नेहमी कोरडंच दिसतं!

टाळ्या नकोत. पुढे ऐका.

या गावात लोटन पाटील. सगळे म्हणत लोटनजिभाऊ. माणूस सोन्यासारखा. कर्ज नाही, भांडण नाही, मुलगी चांगल्या घरी दिलेली. पण काळजी! — टाळकरी, माझ्या प्रत्येक काळजीला एक टाळ वाजवा बरं — दूध नासेल का? (छन्!) बस चुकेल का? (छन्!) आपली नव्हे हो, शेजाऱ्याची बस! (छन्!) ढग आले, पाऊस पडेल का? (छन्!) ढग गेले, का गेले? (छन्! छन्!) गावात लग्न असेल तर नवरदेवाला घाम फुटत नसे, तो यांना फुटे. मयताला गेले तर, "सरणाची लाकडं ओली तर नाहीत ना?" — अरे, ज्याला जायचंय तो निवांत आहे, तुझं काय!

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "जिभाऊ, रक्तदाब वाढलाय. ताण कमी करा."

झालं! आता ताण कमी करायचा ताण!

कोंबड्याच्या आधी उठून ओंकार. कोंबडा बिचारा गोंधळला, आरवायचाच थांबला. मग लिंबूपाणी. मग हसायचं — हो, जोरात हसल्याने ताण जातो म्हणे — तर अंगणात उभं राहून, कपाळाला आठ्या घालून, "हा! हा! हा!" शेजारची म्हैस आटली! आणि झोप? डोळा लागला रे लागला की दचकून उठायचं आणि बायकोला हलवायचं —

"अगं, मला झोप लागली होती का गं?"

"लागली होती. मलाही लागली होती."

ही बायको. केवळबाई. मंडळी, कथा जिभाऊंची वाटते ना? कथा हिची आहे. कारण लग्न झाल्यापासून या बाईने नवऱ्याबरोबर बसून एक जेवण पुरं केलेलं नाही. ताट वाढलं, की जिभाऊंना काहीतरी आठवणार. गोठ्याची कडी लावली का? मोटर बंद आहे का? घास हातात, आणि माणूस दारात! भाकरी वाट बघून बघून वातड व्हायची. केवळबाई एकटी जेवायची. ज्याच्या नावाने ताट वाढलं, त्याच्या रिकाम्या पाटाकडे बघत.

शेवटी एक दिवस तिने पिशवी भरली.

"कुठे चाललीस?"

"भावाकडे. उद्या दुपारच्या बसने."

"किती दिवस?"

"ते नाही सांगत. एकटीनेच जेवायचं तर तिकडे जेवेन. तिथे पंगतीला माणसं तरी आहेत."

ओरडली नाही. रडली नाही. मंडळी, बाई ओरडते तोवर घर शाबूत असतं. ती हळू आवाजात पिशवी भरायला लागली, की समजावं.

आता जिभाऊंना खरी काळजी करायची वेळ आली होती की नाही? पण खऱ्या काळजीच्या वेळी हा माणूस काय करतो — दुसरी काळजी शोधतो! बायको चालली, ते बघवेना. म्हणून गव्हाकडे बघायला गेला.

थांबा. आता थोडा वेळ पाणी बोलेल.

*मी पाणी. मला घाई नाही. उतार दिसला की जाते. वाट दिली की वळते. सुपडू पाटकरी मला ओळखतो. तो फावड्याने माती सारतो, मी शेतात शिरते. तो माती लोटतो, मी पुढे जाते. आज कुणीतरी दुसराच आला. धापा टाकत. त्याने पाटाची कड उकरली. थोडीशीच, म्हणाला. मी थोडीशी कधी जाते का?*

फुटला ना पाट!

पाणी गव्हात गेलंच नाही, वाटेने सुटलं ते थेट बाजाराच्या पटांगणात! दुपारची वेळ. न्हाव्याच्या खुर्चीत ग्रामसेवक. अर्धी दाढी झालेली. पाणी आलं तसे साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले — आणि न्हावी म्हणतो, "साहेब, हलू नका, वस्तरा गळ्याशी आहे!" चपला निघाल्या तरंगत. डावी इकडे, उजवी तिकडे. कुठल्यातरी म्हातारीची चप्पल तर थेट नदीला गेली, माहेरी निघाल्यासारखी!

फडाचे पंच बसले. जिभाऊ मान खाली घालून उभे. पाटकरी सुपडू चिखलाने कमरेपर्यंत माखलेला, आणि हसतोय! पंचांनी विचारलं, "सुपडू, हसतोस काय?"

"काय करू मग? आमच्या जिभाऊंना वाटलं, मी मेलो. बघायला आले."

पंच म्हणाले, "जिभाऊ, दंड घेत नाही. पण फडाचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने पाण्याला हात लावला, त्याने उद्या दिवसभर पाटावर उभं राहायचं. सगळ्यांना पाणी द्यायचं. आणि आपल्या शेताची पाळी आली, की फावडं सुपडूच्या हातात देऊन, शेताकडे पाठ फिरवून बसायचं. वळून बघायचं नाही."

"वळून... अजिबात?"

"अजिबात."

अहो, याच्यापेक्षा फाशी बरी!

दुसरा दिवस. सकाळपासून जिभाऊ पाटावर. फावडं मारताहेत, चिखल उडतोय, घाम गळतोय. आणि गावकरी? गावकरी म्हणजे पक्के! नियम मोडून एकेक जण यायला लागला. बांधावर उभा राहून, अगदी जिभाऊंच्या आवाजात —

"जिभाऊ, माझा हरभरा कोरडा राहील का हो?"

"नाही राहणार."

"पण राहिला तर?"

"अरे, नाही राहणार!"

तो गेला, की दुसरी. "जिभाऊ, पाणी ओलंच आहे ना?"

"पाणी ओलंच असतं, वहिनी!"

"तसं नव्हे, खात्री केलेली बरी."

तिसरा, चौथा... शेवटी फावडं आपटून जिभाऊ ओरडले, "घरी जा रे सगळे! मी उभा आहे ना इथे! पाणी यायचं तेव्हा येईल!"

सुपडू बाभळीखाली तंबाखू मळत बसलेला. म्हणाला, "वा, जिभाऊ. हेच मी तुम्हाला किती वर्षं सांगतोय. तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, गावाला ऐकू तरी गेलं."

जिभाऊंनी पुन्हा फावडं उचललं. तेवढ्यात त्यांच्या गव्हाची पाळी आली. सुपडूने हात पुढे केला. जिभाऊंनी फावडं दिलं — दिलं म्हणजे, सुपडूने ओढलं तेव्हा सुटलं! बाभळीखाली जाऊन बसले. शेताकडे पाठ. रस्त्याकडे तोंड.

मागे फावड्याचा आवाज. खच्. खच्.

मान वळायला बघतेय. मानेला सांगताहेत, नाही.

खच्.

"सुपडू, डाव्या कोपऱ्यात जरा —"

"जिभाऊ, मागे बघितलं तर उद्या पुन्हा पाटावर."

मान पुन्हा रस्त्याकडे.

बुवा, मृदंग थांबवा. पेटी थांबवा. असं समजा, आपणच बाभळीखाली बसलोय. करायला काही नाही. बघायला काही नाही. पाणी आपल्यामागून चाललंय.

. . .

ऐकू येतंय?

. . .

झोपले! मंडळी, जिभाऊ झोपले! बुंध्याला टेकून, तोंड उघडं टाकून, लेकरासारखे! ना ओंकार, ना लिंबूपाणी!

आणि त्याच वेळी रस्त्याने केवळबाई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. बस तिथूनच जायची. जाता जाता नवऱ्याला भाकरी द्यावी, एवढाच विचार. बघते तर — हे दृश्य! लग्न झाल्यापासून तिने हा चेहरा आठ्यांशिवाय पाहिलेलाच नव्हता. ओळखायला वेळ लागला म्हणे!

बसली शेजारी. हळूच.

आली बस. धुरळा उडवत. ड्रायव्हर ओळखीचा. त्याचा हात निघाला हॉर्नकडे, आणि केवळबाई ताडकन उठून रस्त्याच्या मधोमध! दोन्ही हात हलवून — नको, नको, नको!

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "मावशी, यायचंय ना?"

"हळू बोल रे! झोपलेत."

"मग येणार का नाही?"

"जा तू. आवाज न करता जा."

एसटी आणि आवाज न करता! पण गेली बिचारी, जमेल तेवढी दबकत.

ऊन कललं. सुपडूने गहू भिजवला, वाट बुजवली, पुढच्या शेताला पाणी फिरवलं, तेही भिजवलं. चहाटळपणा करायला आलेले गावकरी आता कुजबुजत, चवड्यांवर चालत घरी गेले. फडभर पाणी फिरलं. आणि मग जिभाऊंनी डोळे उघडले.

"अरे! पाणी?"

"दिलं," केवळबाई म्हणाली.

"माझ्या गव्हाला?"

"भिजला."

"डावा कोपरा?"

"तोही."

"पुढच्या शेतांना?"

"सगळ्यांना."

"कुठे फुटलं नाही?"

"नाही."

"...कुठेच नाही?"

मंडळी! त्या 'कुठेच नाही'चा सूर ऐकलात? आनंद होता त्यात? नव्हता हो! माणूस हिरमुसला होता! इतकी वर्षं वाटत होतं, मी बघतो म्हणून गहू भिजतो. मी जागतो म्हणून सूर्य उगवतो. आणि आज कळलं, मी घोरत पडलो तरी सगळं झालं. हे कळलं की आधी सुख नाही होत. आधी दुखतं. म्हणूनच काळजी सोडवत नाही आपल्याला. काळजी सोडली, तर मी कोण उरतो?

रागावले जिभाऊ. "मला कुणी उठवलं का नाही? म्हणजे माझ्यावाचून काही अडलंच नाही?"

केवळबाईने मांडीवरचं फडकं पुढे केलं. गाठ तशीच होती.

म्हणाली, "पाणी नाही अडलं. पण मी सकाळपासून जेवले नाही."

...

पुरुष मंडळींनो, आता छताकडे बघू नका. इकडे बघा.

जिभाऊंनी गाठ सोडली. भाकरी मोडली, अर्धी तिला दिली. वातड झाली होती. दोघं जेवायला लागले. अर्ध्या भाकरीवर जिभाऊंनी मान वर केली — "बस गेली का गं? आता उद्याची नेमकी किती वाज —"

केवळबाईने नुसतं बघितलं.

जिभाऊंनी मोठा घास घेतला आणि तोंड बंद केलं. जेवण संपेपर्यंत उठले नाहीत. उद्याच्या बसला कोणी गेलंच नाही.

आता उत्तर द्या मला. काळजी वाहणारा पुण्यवान की पापी? अहो, दोन्ही नाही. तो गैरसमजात आहे! त्याला वाटतं, आपण लागतो ते पाणी वळवायला. आणि तो लागतो ते भाकरी अर्धी मोडायला. भलत्या जागी उभा राहून घाम गाळतोय, आणि खऱ्या जागी त्याचा पाट रिकामा!

तुमच्याही हातात अशी फावडी असतील. मुलाच्या अभ्यासाचं, सुनेच्या स्वयंपाकाचं, ऑफिसातल्या फायलीचं. घरी गेल्यावर त्यातलं एक फावडं, एकच, दुसऱ्याच्या हातात द्या. थोडं वेडंवाकडं होईल. होऊ द्या. छातीतली धडधड एकदम थांबणार नाही, पण जरा हळू होईल. आणि औषधाची गोळी असेल तर ती घ्या हो. ती सोडा, असं मी कुठे म्हणालो?

बोलणं सोपं आहे ना? माझंही एक फावडं आहे — ही चिपळी. दरवेळी शेवटचा गजर मीच उचलतो. वाटतं, मी नाही उचलला तर तुम्ही सूर सोडाल, ताल चुकाल, देव परत जाईल.

घ्या, काका, तुम्ही धरा ही चिपळी. आज गजर तुमचा. मावशी, तुम्हीही उचला. मी इथे, असा, तुमच्याकडे पाठ फिरवून बसतो.

चुकलात तरी वळणार नाही.

चला... म्हणा.