रंगूबाईंच्या कनवटीचा प्लग

कडेगावच्या गॅरेजात धुळा आपली फटफटी घेऊन नंबर लावून बसला होता. त्याच्या पुढं निवृत्त सुभेदार जोतिबा, त्यांचं गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन आणि बायको रंगूबाई.

"तीन दिस दोरी वढतोय, सुरूच हुईना."

"सुभेदार, हितं प्लगच न्हाई!" मिस्त्री म्हणाला.

"चोरला कुणी?"

"म्या काडला." रंगूबाईंनी कनवटीतला प्लग दाखवला. "मशीन चालू ठिवून ह्ये पात्यात गुतल्यालं गवत बोटानं वढत्यात."

"आगं, तीस वर्सं फौजेत काडली मी!"

"तितं गोळी भरलेली बंदूक पुसत हुता व्हय?"

मिस्त्रीनं हात पुढं केला. रंगूबाईंनी मूठ आवळून सुभेदारांना विचारलं,

"पात्याला हात लावायच्या आदी काय करायचं?"

सुभेदार ताठ उभे राहिले. "मशीन बंद. प्लग काडून तुमच्याकडं जमा."

"आन् बोटं?"

"धा. समदी हाजीर!"