कायमचं सांगायला गेलो, तेव्हा

हसू नका रे, रिटायर व्हायला आठ महिने उरले की तुमचंही डोकं असंच फिरेल. पुढे कुठे राहायचं म्हणून मी दर रविवारी नवं गाव ठरवायचो. पेणला डास, अलिबागला गर्दी, पनवेलला पाण्याची बोंब. एकदा वर्गात हजेरी घेताना पाटीलऐवजी पनवेल म्हणून गेलो. शेवटी बायको कडाडली, "एकदाचं ठरवा, नाहीतर मी आगरदांड्याच्या बोटीतच संसार मांडते!"

म्हटलं, पनवेल.

मग घरमालकीण चंद्रामावशीला सांगायला गेलो. बारा वर्षं तिच्या खोलीत राहिलो आणि बारा वर्षं भिंतींना रंग द्या म्हणून तिच्या मागे लागलो. बाई ढिम्म! त्या दिवशी ती अंगणात सुकट निवडत बसली होती. मी एका दमात बोलून टाकलं, "मावशी, नोकरी संपली. महिनाअखेरीला खोली सोडतोय. पनवेलला जातोय आम्ही, कायमचे."

"बरं," मान वर न करताच ती म्हणाली.

बारा वर्षांचं एवढंच? मला रागच आला. उठलो, चपला घातल्या आणि सवयीने बोलून गेलो, "येतो मावशी."

आता कुठे तिने मान वर केली.

"ये मास्तर. तवर खोलीला रंग मारून ठेवते."