खीर एकाच पातेल्यात

धारच्या एका डेअरीवर दुधाच्या रांगेत गुंजनच्या पुढे सासू-सून उभ्या होत्या.

“आई, दूध जास्त घेऊ. मोनाचा बर्थडे आहे ना आज.”

“आहेच. आणि तिच्या बापाचं श्राद्धही आजच आलंय.”

“त्यांची तारीख तर मागच्या हप्त्यात गेली.”

“आपल्यात तिथी पाळतात, अपेक्षा. यंदा ती सरकून आज आली, त्याला मी काय करू?”

चंद्राचं वर्ष वेगळं चालतं, म्हणून तिथी तारखेच्या मागेपुढे होते, हे गुंजनला ठाऊक होतं.

“आई, मोना आज शाळेत प्रार्थनेनंतर ‘आज का दिन’ वाचणार आहे. कोण जन्मलं, कोण वारलं. म्हणते, वारलेल्यांची नावं मी नाही वाचणार.”

“मग श्राद्धाचं नको सांगूस तिला.”

“कावळ्याचं पान दिसेल ना.”

“म्हणावं, आज कावळ्यालाही पार्टी आहे.”

अपेक्षा हसली आणि ओढणीनं डोळे पुसू लागली.

“खीर दोन पातेल्यांत करू?”

“एकाच कर. आणि ती शाळेतून आल्याशिवाय पान वाढू नकोस.”

“उशीर होईल, आई. गुरुजी थांबतील का?”

“त्यांना मी सांगते. तो गेला तेव्हा ती तुझ्या पोटात होती. आज जेवायला येईल, तर लेकीला बघून जाऊ दे.”