‘राहिले’ म्हणजे काय हो, ताई?

—असू द्या ताई, बसा त्या स्टुलावर. उघडा पाय त्या फळीवर ठेवा, खाली खिळे आहेत. वारं बघा काय सुटलंय सकाळपासून! ऊन लख्ख, ढगाचं नाव नाही, नुसतं वारं — समोरची पाटी दोनदा पडली, सोल्युशनमध्ये धूळ बसली, आता तुमच्या अंगठ्याबरोबर थोडा रस्ताही चिकटेल. घाई आहे? असेल. पण एका चपलेवर जाणार कुठं?

ऐकताय ना? तेच गाणं. शेजारची इस्त्रीवाली दिवसातून दहा वेळा लावते. ‘मैत्रिणी गेल्या दूर दूर, मी गं राहिले...’ आवडतं तुम्हाला? — मुरडलंत नाक! आमची लेकही अस्संच मुरडते. बस चालवते ती, मोठी, शहरभर. ती म्हणते, बाबा, नुसतं रडगाणं आहे. राहिले म्हणजे राहून गेले, हिची गाडी चुकली. इस्त्रीवाली म्हणते, वा गं वा! राहिले म्हणजे थांबले, माझ्या मर्जीनं थांबले, लग्न नाही केलं, गाव नाही सोडलं, तुला काय त्रास? परवा या फळीपाशी अशी जुंपली दोघींची — तिच्या हातात तापलेली इस्त्री, हिच्या हातात बसची किल्ली — की एक गिऱ्हाईक चप्पल न घेताच पळालं. आणि शब्द एकच हो! मी अडाणी माणूस, मला दोनच अंगठे कळतात, एक चपलेचा, एक सहीचा. मी काय निवाडा करणार?

पण हल्ली आमची हीसुद्धा गुणगुणते. लेकीची आई. भांडी विसळताना. आणि नेमकी ‘राहिले’पाशी आली की नळ सोडते. आता तिचं ते कुठलं राहिले, कळायचं कसं? — विचारू म्हणता? बेचाळीस वर्षांत नाही विचारलं ते आता कुठून... काय नाही विचारलं? काही नाही. दोरा ओढतोय, हलू नका.

ते होय? ते माप आहे. खिळ्याला टांगलेलं कागदाचं पाऊल. तिचंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी कापलं, तिला चप्पल करायची म्हणून. कागद जाड होता, छान होता — टपालानं आलेला. तिच्या नावाचा. शिकलेली होती ना ती. नर्सचं शिकायला अर्ज केला होता, लांब कुठं, दोन वर्षं तिकडंच राहायचं. मला काय वाचता येतंय? कागद दिसला, कापला. असं मी सगळ्यांना सांगितलं असतं — कुणी विचारलंच नाही म्हणा. पण ताई, अक्षर येत नसलं तरी दवाखान्याचा शिक्का कळतो हो. तो बघा, टाचेवर आलाय. आत ‘ये’ होतं की ‘येऊ नको’ होतं, तेही मला ठाऊक नाही... नको, नको, वाचू नका! तुमचा हात लांब आहे फार. चप्पल मात्र झकास झाली होती. झिजेपर्यंत घातली तिनं.

आज सकाळी वाऱ्यानं तेच माप उडालं आणि पडलं कुठं — इस्त्रीवालीच्या टेबलावर. तिनं उलटसुलट करून बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग काय, तुम्हाला सांगितलं तेच तिलाही सांगून बसलो. म्हटलं, पोरी, दुपारी ही डबा घेऊन येईल, तिच्या नजरेस पडलं म्हणजे? जाळून टाकू का?

घ्या, झाली तुमची चप्पल. चालून बघा. टोचत नाही ना? मग निघा आता, घाई होती ना तुम्हाला.

इस्त्रीवाली काय म्हणाली? काही नाही हो... तिनं माप टेबलावर सपाट केलं, हलक्या हातानं इस्त्री फिरवली, आणून परत खिळ्याला लावलं आणि म्हणाली, “बाबा, तिला वाचता येतं. आणि बेचाळीस वर्षं ती तुमचा डबा याच खिळ्याला अडकवतेय.”