चार बोटं खाली उतरवलेली गाडी

(अंबड. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालंय. डॉक्टर काकासाहेबांच्या अंगणात त्यांची मोटारसायकल उभी आहे. कचरू लोहार पुढच्या चाकाशी उकिडवा बसलाय. डॉक्टरांची बायको दुर्गाबाई ओट्यावर.)

डॉक्टर : गाडी चार बोटं खाली येईल म्हणाला होतास, कचरू. रस्त्यातला दगड न् दगड माकडहाडात येईल, हे नव्हतं सांगितलंस.

कचरू : सांगितलं व्हतं, सायेब. तुमी म्हनले, पाय टेकू दे फक्त, बाकीचं मी बघतो.

डॉक्टर : बघतोय. पंधरा दिवस तेच बघतोय.

कचरू : मंग? पुढचा स्प्रिंग काढून आखूड घातला. गादीखालचे दोन काढले, गादी बसवली थेट लोखंडावर. धक्का जिरंल कुठं? त्याला जागाच न्हाई ठिवली आपन.

डॉक्टर : गादीत तू कापूस भरला होतास ना?

कचरू : भरला व्हता की ठासून. बैलाच्या दमणीत कापसाची गादी टाकली की मानूस झोपी जातंय, म्हनलं हितंबी चालंल. बैलाच्या चालीची सवय नडली माझी. दोन दिवसांत पापड झाला त्याचा.

दुर्गाबाई : औषधाच्या बाटल्यांचं सांगा की त्याला. सरकीत पुरून नेल्या, तरी वडीगोद्रीला पोचेस्तोवर तीन फुटल्या. ओढ्यात गाडीचं पोट घासलं ते निराळंच.

डॉक्टर : दुर्गा, तू मधे...

दुर्गाबाई : बोलणारच मी. रोज कंबर कोण शेकतंय तुमची? साठी उलटली. विका ती फटफटी, दमणी घ्या, बसून जा राजासारखं.

डॉक्टर : दमणीला जांबला पोचायला दिवस मोडतो. अडलेली बाई तोवर थांबते का? तिथली सगुणाबाई थांबली?

दुर्गाबाई : न्हाई थांबली.

डॉक्टर : मग? वाटेत बैल ओढ्याला पाणी प्यायला थांबले तेवढ्यात गेली ती. त्यानंतरच घेतली ना ही गाडी, फौजेच्या लिलावात?

कचरू : मंग पहिले स्प्रिंग चढवू का, सायेब? हायेत माझ्याजवळ, जपून ठिवलेत. पहिल्यावानी मऊ चालंल, बिलकुल.

डॉक्टर : आणि थांबायचं कसं? गुडघे सरळ होत नाहीत, उंच गाडीवरून पाय भुईला पोचत नाही. महिन्यामागं वडीगोद्रीच्या वेशीत थांबलो तो गाडीसकट आडवा. दोघांनी मला उचललं, दोघांनी गाडी. बायामाणसं बघत उभी. स्वतःच्या पायावर ज्याला उभं राहता येत नाही, त्याच्या हातात कोण नाडी देईल रे? धक्क्याचं मला काही नाही, कचरू. उद्या कुणी बोलावणंच धाडलं नाही तर काय, याची भीती वाटते.

दुर्गाबाई : हे मला कधी बोलले न्हाईत.

कचरू : त्या वडीगोद्रीचा मच्छिंद्र परवा आल्ता माझ्याकडं.

डॉक्टर : हसायला?

कचरू : माप मागायला.

डॉक्टर : कशाचं माप?

कचरू : उंच गाडीवर बसल्यावर तुमचा पाय भुईपासून किती वर राहतो, त्याचं. म्हनला, सायबाला थांबायला वेशीत दगडी ओटा बांधून राह्यलोत, बराबर तेवढाच उंच पायजे. मी दोरीला गाठ मारून दिली.

दुर्गाबाई : आणि हे आत्ता सांगतोस, मेल्या?

कचरू : तो म्हनला, बांधून झाल्याबिगर बोलू नको, सायेब खर्च्याचं नाव काढून नको म्हनतील. काल जांबचा मानूस आल्ता. त्यालाबी एक दोरी दिली.

दुर्गाबाई : अहो, डोळे पुसा आधी. कचरू, लाव बाबा ते पहिले स्प्रिंग. मी चहा टाकते.

कचरू : जांबवाल्याला एक सांगायचं राह्यलंय, सायेब. ओटा डाव्या अंगाला बांधू का उजव्या, इचारून राह्यला व्हता.

डॉक्टर : डाव्या. डावा गुडघा अजून थोडं ऐकतो माझं.